करारात नसलेलं

आयटीत आयुष्य काढलेल्यांच्या आठवणी वाचल्या की त्यात कंपनी कशी वाढली, पहिलं मोठं कंत्राट कसं मिळालं, हे असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. मी कंपनी काढली नाही, कसला शोध लावला नाही. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि अमेरिकेतल्या एका आयुर्विमा कंपनीची जुनी सिस्टिम सांभाळण्यात माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली. घराचं कर्ज फिटलं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं, आईचं बायपास झालं, ते सगळं त्या पगारावर. हे काम माझ्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. ते त्यांच्याकडून माझ्याकडे कसं आलं आणि देणाऱ्याने सोबत काय काय दिलं, तेवढं लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

वडील कराडला एलआयसीच्या शाखेत क्लार्क होते. लॅप्स, पेड-अप, सरेंडर हे शब्द आमच्या घरात मीठ-मसाल्याच्या शब्दांइतकेच वापरातले. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने १९६०च्या दशकात संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला होता. कलकत्त्याच्या कचेरीत आलेलं यंत्र बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले होते. वडील लागले ते त्यानंतर, पण जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलेल्या या गोष्टी ते रंगवून सांगत. मी कराडच्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि १९९७ साली सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हा ते म्हणाले, "आम्ही ज्याला दारात उभं केलं नाही, त्याच्याच घरी निघालीस की!" म्हणाले आणि पेढे आणायला गेले.

इलेक्ट्रिकलच्या मुलीला सॉफ्टवेअरमध्ये कुणी का घ्यावं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी हुशार म्हणून घेतलं असं मी धरून चालले होते. खरं कारण असं, की १९९९ संपायला दोन वर्षं उरली होती, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले होते ते तपासायला माणसं कमी पडत होती. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल, कुणीही चालत होतं. थोडं कोबोल शिकवायचं आणि विमानात बसवायचं. या धंद्याला तेव्हा बॉडी शॉपिंग म्हणत, आणि ते म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

मला जावा शिकायची होती. वर्तमानपत्रांतून जावाचं नाव गाजत होतं, आणि कोबोल म्हणजे वडिलांच्या वयाची भाषा. मी आमच्या डिलिव्हरी हेडकडे तक्रार घेऊन गेले. हे सर १९८०च्या सुमारास अंधेरीच्या सीप्झमध्ये नोकरी केलेले. त्यांनी मला समोर बसवलं आणि भलतीकडूनच सुरुवात केली. सीप्झ १९७३ साली सुरू झालं. संगणक आयात करायचा तर निर्यात करून दाखवण्याची हमी द्यावी लागे. १९७८ साली आयबीएम देश सोडून गेली आणि तिच्या यंत्रांवर वाढलेले लोक रस्त्यावर आले. टीसीएसच्या कोहलींनी १९७४ साली बरोज कंपनीशी संबंध जोडले, तिथून परदेशाचं काम इथे बसून करण्याची वाट मोठी झाली. त्याच्याही आधी, १९७२च्या सुमारास, नरेंद्र पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी अमेरिकेतल्या केंब्रिजच्या आपल्या घरात एक प्रयोग केला होता. एक खोली अमेरिका, दुसरी भारत. दोन्हींमध्ये बोलायचं नाही, फक्त लेखी सूचना द्यायच्या. तेवढ्यावर काम होतं का पाहायचं. झालं. मग मजकूर पुण्यात टंकला जाऊ लागला, छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्या विमानाने अमेरिकेला जाऊ लागल्या.

"तेव्हा लिहून दिलेल्यावर सगळं चालायचं," सर म्हणाले. "आता तुला जे काम देतोय, ते कुणीच नीट लिहून ठेवलेलं नाही. ते शिकलीस तर वीस वर्षं पोट भरेल. जावा काय, कुणीही शिकेल." मला हा माणूस जुनाट वाटला. त्यांच्या त्या एका निर्णयाने माझी सगळी नोकरी ठरली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा ते निवृत्त होऊन चिपळूणला गेले होते. त्यांचे आभार मी फोनवर मानले, तेही घाईत.

१९९८ साली अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसाचा ६५ हजारांचा वार्षिक कोटा मे महिन्यातच संपला. माझा अर्ज त्याआधी गेला होता. पुढच्याच वर्षापासून कोटा १ लाख १५ हजार केला गेला आणि नंतर तो १ लाख ९५ हजारांपर्यंत गेला. २००४ मध्ये पुन्हा ६५ हजारांवर आला. आमच्या पिढीची लग्नं, बाळंतपणं, घरखरेदी या आकड्यांच्या मागेपुढे झालेली आहेत. मी गेले कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डला. एटना, ट्रॅव्हलर्स अशा जुन्या विमा कंपन्यांचं हे गाव. आमचा क्लायंट त्यांपैकी कुठला किंवा कुठला नाही, ते सांगायची गरज नाही.

तिथे मला त्या भेटल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. ऑफिसात त्यांना सगळे नावाने हाक मारत, मीही मारत असे. मराठीत लिहिताना मात्र अहो-जाहो केल्याशिवाय हात पुढे सरत नाही. नाव लिहीत नाही, ते त्यांना आवडणार नाही. शाळा संपवून त्या त्याच कंपनीत पंच ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या आणि काम करता करता प्रोग्रॅमर झाल्या होत्या. पदवी नव्हती. माझ्याजवळ पदवी होती आणि तिचा मला गर्व होता, हे कबूल करायला हवं.

दोन आकडी वर्षांच्या, म्हणजे वाय-टू-के, दुरुस्तीची सोपी रीत आम्हाला पुण्यात शिकवलेली होती. दोन आकडी वर्ष ३०पेक्षा कमी असेल तर ते दोन हजारच्या पुढचं समजा, नाहीतर एकोणीसशेचं. याला विंडोइंग म्हणत. बँकेत किंवा दुकानाच्या हिशेबात हे चालून जातं. मी पहिल्याच आठवड्यात ऐटीत तेच सुचवलं. त्यांनी पडद्यावर दोन पॉलिसी उघडल्या. एकीतला विमाधारक १९२४ साली जन्मलेला आणि अजून जिवंत. दुसरी पॉलिसी नुकतीच घेतलेली, तिची मुदत २०२८ला संपणार. "आता तुझी रेघ कुठे मारतेस?" त्यांनी विचारलं. आयुर्विम्यात तारखा शंभर वर्षांहून जास्त पसरलेल्या असतात. तिथे कुठेही रेघ मारली तरी कुणीतरी जन्मायच्या आधी म्हातारा होतो. काही पॉलिसी तर अठराशेच्या शतकात जन्मलेल्यांच्या नावावर अजून चालू होत्या. ती छोटी यादी त्यांनी स्वतः वेगळी काढून हाताने तपासली.

मग वर्षाला चार आकडे द्यायचे, तर प्रत्येक फाइलची लांबी बदलणार, आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलणार. ते शक्य नव्हतं. त्यांनी कागद घेतला आणि मला एक गोष्ट दाखवली, ती मी आजवर शिकलेल्या सगळ्यांत सुंदर गोष्टींपैकी आहे. या सिस्टिममधल्या बहुतेक तारखा पॅक्ड स्वरूपात ठेवलेल्या होत्या: एका बाइटमध्ये दोन आकडे, आणि शेवटचा अर्धा बाइट चिन्हासाठी. सहा आकडी तारखेला साडेतीन बाइट पुरतात, पण जागा पूर्ण बाइटनेच मिळते, म्हणून चार दिलेले. म्हणजे प्रत्येक तारखेच्या सुरुवातीला अर्धा बाइट गेली तीस वर्षं रिकामा होता, तिथे शून्य होतं. त्या शून्याला शतक मानायचं. शून्य म्हणजे एकोणीसशे, एक म्हणजे दोन हजार. फाइलची लांबी तीच, जुना डेटा तसाच, काही हलवायचं नाही. ही युक्ती त्यांनीच शोधली होती असं नाही, मेनफ्रेमवरच्या अनेकांना ती ठाऊक होती. पण ती वापरायच्या आधी कुठल्या तारखा पॅक्ड आहेत आणि कुठल्या नाहीत हे जिच्या तोंडपाठ होतं अशी तिथे ती एकच बाई होती.

मी कराडला फोन केला की वडील कामाचं विचारत. विम्याचं काम म्हटल्यावर त्यांना भलताच रस. अमेरिकेत पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षांच्या आत माणूस गेला तर कंपनीला चौकशी करता येते, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मग काय नवीन? आपलं कलम ४५. दोन वर्षांनंतर कंपनीला खोडी काढता येत नाही." (भारतात ती मुदत २०१५ साली तीन वर्षांची झाली.) १९३८च्या आपल्या विमा कायद्यातलं कलम आणि हार्टफर्डच्या प्रोग्रॅममधला एक परिच्छेद एकच गोष्ट सांगत होते. मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंना हे सांगितलं. त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "तुझे वडील क्लेम बघतात?" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याशी वेगळं बोलायला सुरुवात केली. कोड समजावताना मधेच थांबून त्या विचारत, "हे तुझ्या वडिलांकडे कसं करतात?" वडिलांचं उत्तर मी पुढच्या रविवारी आणत असे. दोघे कधी भेटले नाहीत, एकमेकांचा आवाजही ऐकला नाही.

२००० साल आलं, काही कोसळलं नाही, आणि ज्यांनी वर्षभर रात्री जागवल्या त्यांना लोक विचारू लागले की मग एवढा खर्च कशाला केलात. मी पुण्याला परतले.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. डॉटकॉम बुडाले, मग ११ सप्टेंबर, मग अमेरिकन कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली. आमच्याकडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसलेल्यांच्या रांगा लागल्या. आयटीची लाट संपली, असं माझ्या मनाने घेतलं. पण त्याच काटकसरीने आमचं काम पुढे वाढवलं, कारण क्लायंटला आता हंगामी मदत नको होती, पूर्ण विभागच स्वस्तात हवा होता. डॉटकॉमच्या काळात समुद्राखालून गरजेपेक्षा जास्त केबल टाकल्या गेल्या होत्या, त्यामुळे डेटा लाइन कवडीमोल झाल्या होत्या. पूर्वी आमच्या कंपनीची सगळी भिस्त एसटीपीआय या सरकारी सॉफ्टवेअर पार्कच्या डिशवर आणि ६४ केबीपीएसच्या लाइनवर असे. आता हार्टफर्डचं मेनफ्रेम पुण्यातल्या पडद्यावर उघडत होतं, आणि ऑफशोअरचा ताशी दर ऑनसाइटच्या निम्म्याहूनही कमी. मे २००३च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत निकोलस कार यांचा गाजलेला लेख आला, त्याचा आशय असा की आयटी आता विजेसारखी सर्वांना सारखीच मिळते, तिच्यात वेगळा फायदा राहिलेला नाही. आमचे सेल्सवाले तो लेख बॅगेत घेऊन फिरत. विजेसारखीच असेल तर स्वस्तात घ्या, हे त्यांचं बोलणं.

त्या वर्षाच्या शेवटी मला पुन्हा हार्टफर्डला पाठवलं. यावेळी केटी घ्यायला, म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर. त्या बाईंचं पूर्ण खातं आमच्याकडे येणार होतं. मी आनंदात होते. मला टीम लीड केलं होतं, आणि ज्या बाईंकडून शिकले त्यांच्याकडेच पुन्हा शिकायचं होतं. त्यांचं पुढे काय होणार हे मी विचारलं नाही. दुसरीकडे हलवतील, असं कुणीतरी सांगितलं होतं, मला ते सोयीचं होतं, मी ते धरून ठेवलं. मजल्यावर लोक आमच्याशी बोलत नव्हते. जेवणाच्या जागी आम्ही गेलो की टेबलं रिकामी होत. मला वाटलं, थंडी फार आहे, लोक लवकर उठतात.

केटीची रीत ठरलेली असते. आधी ते काम करतात, आपण शेजारी बसून बघायचं. याला शॅडो म्हणतात. मग आपण करायचं, ते बघणार, तो रिव्हर्स शॅडो. शेवटी सही. करारात हस्तांतरित करायच्या गोष्टींची यादी जोडलेली होती: प्रोग्रॅम, जेसीएल, फाइल लेआउट, रनबुक, रात्रीच्या बॅचचं वेळापत्रक. त्या बाईंनी हे सगळं वेळेत आणि चोख दिलं. एस झीरो सी सेव्हन या एररने जॉब पडला की आधी कुठली फाइल बघायची, कुठला जॉब बँकेच्या फाइलसाठी थांबलेला असतो आणि तो अडकला म्हणून पुन्हा चालवायचा नाही, सगळं लिहून दिलं. एवढ्यावर त्यांची सही झाली असती.

तसं झालं नाही. एका सकाळी त्या मला खालच्या मजल्यावर घेऊन गेल्या आणि क्लेम विभागात एका तपासनीस बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावला. "आज दिवसभर फक्त ऐक," म्हणाल्या. त्यासाठी त्यांनी कुणाकुणाच्या परवानग्या काढल्या होत्या ते मला नंतर कळलं. फोनवर नवरे गेलेल्या बायका होत्या, बायका गेलेले नवरे होते, आईच्या पॉलिसीचा नंबरही नसलेला एक मुलगा होता. ओहायोतल्या एका बाईला आलेला चेक पत्रातल्या रकमेपेक्षा जास्त होता, म्हणून ती घाबरली होती, चूक म्हणून परत तर मागणार नाहीत ना? तपासनीस बाई तिला समजावत होत्या की मृत्यूच्या तारखेपासूनचं व्याज त्यात मिळवलेलं आहे.

वर आल्यावर बाईंनी एक प्रोग्रॅम उघडला. त्यात प्रत्येक राज्यासाठी व्याजाचा वेगळा नियम होता, एकाखाली एक, कधी कुणी घातलेले, वेगवेगळ्या हातांचे. मी मनात ठरवून ठेवलं होतं की ताबा मिळाल्यावर ही गिचमिड आधी साफ करायची. त्यांनी ते ओळखलं होतं की काय कोण जाणे. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी सांगितलं, ही कुठल्या राज्याच्या कायद्याने आली, ही कुठल्या तक्रारीने, या ओळीचा मूळ कागद कुठल्या कपाटात आहे. सकाळी ऐकलेल्या बाईच्या चेकमधली जास्तीची रक्कम यातल्याच एका ओळीतून गेली होती. ती ओळ मी काढली असती तर जॉब पडला नसता, कुठलाही एरर आला नसता, आमच्या सेवा-कराराचा, म्हणजे एसएलएचा, आलेख हिरवाच राहिला असता. कुणाला तरी थोडे पैसे कमी गेले असते, आणि त्या बाईला कधी कळलंही नसतं.

असं त्यांनी मला अनेकदा खाली नेलं. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी सहीचा कागद पुढे केला, आपलं ड्रॉवर एका खोक्यात रिकामं केलं, आणि गेल्या. सोमवारपासून त्या जागेवर फोन माझ्यासाठी वाजू लागला. विभागातल्या कुणालाच दुसरीकडे हलवलेलं नव्हतं.

त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार टिकला, तो त्यांच्यामुळे. ख्रिसमसला त्यांचा ईमेल येई, दिवाळीला माझा जाई. त्या एका छोट्या गावच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करू लागल्या होत्या. माझं मात्र चढत गेलं. २००५ नंतरची दोन-तीन वर्षं हिंजवडीत दर महिन्याला नवी इमारत उभी राहत होती. फोनवरच्या कॉल सेंटरचं बरंचसं काम पुढे मनिलाला गेलं, युरोपचं काही काम पोलंडमधल्या क्राकोला गेलं, पण मेनफ्रेमचं आमच्याकडेच राहिलं. सर म्हणाले तसंच झालं.

सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जानेवारी २००९मध्ये सत्यमच्या अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. पहिल्या बातमीने आमचे दर खाली आले, दुसरीने क्लायंटचे ऑडिटर पुण्यात येऊन बसले. तासांवर बिल करण्याचे दिवस गेले. आता तक्रारींच्या अमुक टिकिटांना अमुक रक्कम, आणि दर वर्षी त्यात काही टक्के घट, असा ठेका. नव्या मुलांना मी क्लेमचे रेकॉर्ड केलेले कॉल ऐकवत असे, ते बजेटमधून गेलं, कारण त्याचं बिल लावता येत नव्हतं. मी त्यासाठी भांडले असं म्हणता येणार नाही. कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी बसमध्ये, जमेल तसं सांगत राहिले. काही मुलांनी ऐकलं. बरीचशी सोडून गेली, दुसरीकडे तीस टक्के वाढ मिळत होती.

२०१५च्या जून महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्नीची बातमी गाजली. तिथल्या सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांना काढताना त्यांच्या जागी आलेल्यांना शिकवायला लावलं होतं, आणि शिकवणं पूर्ण केलं तरच सेवासमाप्तीची जादा रक्कम, अशी अट होती. मी ती बातमी पुण्याच्या घरी, सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की हार्टफर्डच्या एका बाईंनी मला मायेने शिकवलं. त्यांनाही अशीच अट होती का, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्या रात्री मी ईमेल लिहिला. मराठी माणसाच्या सवयीने फार लांब लिहिला, तुमचे उपकार, तुमचं मन, असं पुष्कळ.

त्यांचं उत्तर आलं ते मोजकंच होतं. हो, अट होती. ती रक्कम मिळाल्याशिवाय घराचे हप्ते भरता आले नसते. त्या सगळे महिने त्या संतापलेल्या होत्या, माझ्यावरसुद्धा, कारण मी आनंदात दिसत होते. आणि पुढे असं, की क्लेम विभागात नेलं ते माझ्यासाठी नव्हतं. अर्धवट समजलेलं काम अर्धवट चालवलं जाईल आणि त्याचा फटका फोनवरच्या त्या लोकांना बसेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तेव्हा आभार मानायचे नाहीत. शेवटी वडिलांची चौकशी होती.

वाचून आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एका नात्यावर मी बराच मुलामा चढवला होता, तो त्यांनी एका परिच्छेदात खरवडला. पण मग त्या पत्राचा विचार करत राहिले, आणि मला वाटू लागलं की माझं देणं कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. मायेपोटी कुणी शिकवलं तर त्यात त्याचाही आनंद असतो. इथे रागात असलेल्या, नोकरी जात असलेल्या एका बाईने, जिच्यासाठी जात होती तिलाच, करारात नसलेलं देऊन टाकलं, कारण काम नीट होणं तिला स्वतःच्या रागापेक्षा महत्त्वाचं वाटलं. आणि तिने मला आवडून घेण्याची अटही स्वतःवर घातली नाही. हे मला जमलं असतं का?

ते बघायची वेळ आलीच. वेगळ्याच वाटेने. मोठ्या विदेशी कंपन्या आता बाहेरच्या कंत्राटदाराला काम देण्याऐवजी भारतात स्वतःचंच केंद्र काढतात, जीसीसी म्हणतात त्याला. नॅसकॉमच्या २०२४च्या हिशेबाने अशी १,७००हून जास्त केंद्रं देशात होती आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास लोक काम करत होते. आमच्या क्लायंटनेही हैदराबादला केंद्र काढलं. करोनाच्या काळात, २०२०च्या टाळेबंदीत, आम्ही ऑफिसचे डेस्कटॉप टेम्पोत घालून घरी नेले आणि एकही बॅच चुकू दिली नाही, त्याचं कौतुकाचं पत्र आलं. पुढे काही काळाने कंत्राट न वाढवल्याचं पत्र आलं. खातं हैदराबादला जाणार, आणि केटी आम्ही द्यायची. काही मुलांना त्यांनी आपल्याकडे घेतलं. माझ्यासारख्या पगार जास्त आणि वय जास्त असलेल्यांना नाही.

समोर बसलेली मुलं चांगली होती. त्यांना काय होतंय ते नीट ठाऊक होतं, माझ्यासारखी ती अंधारात नव्हती. आणि तरी मला राग येत होता. पहिल्या बैठकीत मी यादीतलं तेवढं दिलं, प्रश्न विचारला तेवढंच उत्तर. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, रनबुक आहे, वाचतील. तो काही बोलला नाही. त्याच सुमारास कोड समजावून सांगणारी एआय साधनं आली. आयबीएमने ऑगस्ट २०२३मध्ये कोबोलचं जावात रूपांतर करायला मदत करणारं साधन जाहीर केलं, म्हणजे ज्या दोन भाषांमध्ये मी निवड मागायला गेले होते त्या आता यंत्राने जोडल्या. हैदराबादच्या एका मुलाने राज्यांच्या व्याजाचा तो प्रोग्रॅम अशाच एका साधनाला दिला. त्या साधनाने प्रत्येक ओळ काय करते ते अचूक सांगितलं, माझ्यापेक्षा जलद. मग सुचवलं की यातल्या काही ओळी अनेक वर्षांत कधी चाललेल्या दिसत नाहीत, त्या काढता येतील. मुलगा उत्साहात होता. "मॅडम, हे काढून टाकू या का?"

त्या ओळी एका छोट्या राज्यातल्या, खूप जुन्या पॉलिसींच्या होत्या. त्यांतले विमाधारक अजून जिवंत होते, म्हणूनच ओळी चाललेल्या नव्हत्या.

मी त्याला तेवढं सांगून थांबू शकले असते. थांबले नाही. क्लायंटच्या क्लेम विभागातले कॉल ऐकायला परवानगी लागते, ती त्यांच्या स्वतःच्या केंद्राला मिळणं आमच्यापेक्षा सोपं होतं. कुणाला लिहायचं, काय कारण द्यायचं, ते मी त्याला ईमेलमध्ये लिहून दिलं. परवानगी यायला वेळ लागला. आली तेव्हा माझ्या केटीचे दिवस संपत आले होते. हैदराबादच्या टीमने आळीपाळीने कॉल ऐकले, मी पुण्याहून जोडलेली होते. कॉल संपला की आम्ही प्रोग्रॅममधली ती ओळ शोधायचो जिच्यातून त्या माणसाचे पैसे गेले. आधी ओळ शोधायला अर्धा दिवस लागे. मग कमी लागू लागला. त्या मुलानेच पुढे त्या साधनाला प्रत्येक ओळीमागचं कारण लिहून द्यायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्या वेळी ते काढायचं सुचवणार नाही. हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

माझा राग गेला का? सगळा नाही. सहीच्या दिवशी त्या टीमने व्हिडिओ कॉलवर केक कापला, तो मला खाता येणार नव्हता, याचंही मला हसू आलं नाही.

बाईंना मी हे सगळं कळवलं, आभार न मानता. वडील गेल्याचंही त्याच ईमेलमध्ये कळवलं. त्यांनी विचारलं की वडिलांच्या पॉलिसीचा क्लेम वेळेवर मिळाला का, आणि आईला कागदपत्रांचा त्रास तर झाला नाही ना. मिळाला, असं मी लिहिलं. कराडच्या शाखेतल्या एका मुलीने घरी येऊन आईकडून फॉर्म भरून घेतले होते.